पाटीवर नावाखाली काय लिहू? दोन्ही कर मंडळांना एका करसल्लागार बाईचं खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ
मा. अध्यक्ष, केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ
महसूल विभाग, अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : करसल्लागारांसाठी परीक्षा आणि अनुभवावर आधारित वरिष्ठ पात्रता सुरू करण्याबाबत

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात ऑफिसची पाटी नव्याने रंगवायला दिली. उन्हाने जुनीची अक्षरं पार उडाली होती. पाटीवाल्याने वहीत माझं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "ताई, नावाखाली काय टाकू?" हा माणूस माझी पाटी चौथ्यांदा रंगवतोय. १९९७ मध्ये त्याने 'विक्रीकर सल्लागार' लिहिलं, २००५ मध्ये व्हॅट आला म्हणून ते खोडून 'व्हॅट' केलं, २०१७ मध्ये 'जीएसटी'. आता आयकराचाही कायदा बदलला. दर वेळी पाटीवर बदललं ते कायद्याचं नाव. माझ्यापुढे काहीच लागलं नाही. त्याच्याही ते लक्षात आलं असावं. म्हणाला, "वरिष्ठ वगैरे काही लावत नाहीत का तुमच्यात? आमच्या पोराच्या शाळेतल्या बाईंना तर बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी मिळाली, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी मिळणार आहे."

"आमच्यात तसं काही नसतं," मी म्हटलं. बोलून गेले आणि ते मलाच खटकलं. घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

आधी माझ्याकडे काय आहे ते सांगते. कपाटात दोन कागद आहेत. एक आयकर खात्याचा : जुन्या, १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम २८८ प्रमाणे करदात्याचा अधिकृत प्रतिनिधी होता यायचं, आणि त्यासाठी वाणिज्य किंवा विधी शाखेची पदवी चालायची. मी बी.कॉम. आहे. दुसरा कागद जीएसटीचा : केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ४८ खाली झालेल्या नोंदणीचं प्रमाणपत्र, नमुना पीसीटी-०२. याशिवाय राज्य सरकार मला 'व्यवसायी' समजून वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर घेतं, तो मी वेळेवर भरते. या कागदांच्या जोरावर मी अधिकाऱ्यांपुढे उभी राहू शकते, आयकर अपिलीय न्यायाधिकरणापर्यंत जाऊ शकते, जीएसटीची रिटर्न भरू शकते, परताव्याचा अर्ज करू शकते. म्हणजे अधिकार कमी आहेत अशी माझी तक्रार नाही. माझी तक्रार अशी की काल नोंदणी झालेला मुलगा आणि अठ्ठावीस वर्षं हेच काम करणारी मी, तुमच्या दप्तरी आम्ही दोघं एकाच ओळीत आहोत. पहिली पायरी तुम्ही बांधलीत आणि जिना तिथेच संपवलात.

हे मी अहंकारापोटी म्हणत नाही, म्हणजे अगदीच नाही असं नाही. पण यात अशिलाचं नुकसान होतं. ते कसं होतं, एका केसवरून सांगते.

माझ्याकडे एक सायकलींचं दुकान आहे. मालक २०१८च्या दिवाळीनंतर आजारी पडले. त्यामुळे ऑक्टोबर २०१८ ते मार्च २०१९ ची रिटर्न भरली गेली डिसेंबर २०१९ मध्ये. जीएसटी कायद्याच्या कलम १६(४) प्रमाणे त्या वर्षाचं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेण्याची मुदत ऑक्टोबर २०१९ मध्येच संपली होती. एप्रिल २०२४ मध्ये कलम ७३ खाली आदेश निघाला : १,८४,००० रुपयांचं क्रेडिट नामंजूर, वर व्याज आणि दंड. आदेश पोर्टलवर 'ॲडिशनल नोटिसेस' नावाच्या टॅबमध्ये होता. मी रोज दुसरी टॅब बघत होते, ही बघितली नाही. चूक माझी. लक्षात आलं तोवर अपिलाची मुदत गेलेली. त्यानंतर २०२४च्या वित्त कायद्याने कलम १६ मध्ये पोटकलम (५) घातलं आणि २०१७-१८ ते २०२०-२१ या वर्षांसाठी ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत भरलेल्या रिटर्नमधलं क्रेडिट वैध ठरवलं. ८ ऑक्टोबर २०२४ ची अधिसूचना म्हणाली, ज्यांच्यावर असे आदेश झाले आहेत आणि ज्यांनी अपील केलेलं नाही त्यांनी सहा महिन्यांत दुरुस्तीचा अर्ज करावा. मी जानेवारीत अर्ज टाकला. मजकूर आठ ओळींचा, सोबत एक तक्ता. मागणी रद्द झाली. मालक पेढे घेऊन आले, आणि मी त्यांना ती टॅबची गोष्ट अजून सांगितलेली नाही. आता हे पत्र वाचून कळेल.

मे २०२५ मध्ये एक भांड्यांचा व्यापारी माझ्याकडे आला. वर्ष तेच, कलम तेच, आदेशाचा मजकूरसुद्धा जवळजवळ तोच. त्याचा सल्लागार मेहनती मुलगा आहे, महिन्याला शंभरेक रिटर्न भरतो, एकाही अशिलाला लेट फी पडू देत नाही. पण रिटर्नच्या पलीकडचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे अधिसूचना त्याच्या नजरेतून सुटली. सहा महिने एप्रिलमध्येच सरले होते. व्यापाऱ्याने मला विचारलं, "ताई, मला आधी कसं कळणार होतं की त्याच्याकडे जायचं की तुमच्याकडे?" मी काय सांगणार? त्या मुलाच्या भिंतीवर पीसीटी-०२ आहे, माझ्याही आहे. डॉक्टरकडे गेलं तर पाटीवर एमबीबीएस आणि एमडी यातला फरक तरी दिसतो.

आता परीक्षेबद्दल. तुम्ही म्हणाल, जीएसटीत परीक्षा घेतली की आम्ही. घेतलीत. मीही ती दिली आहे, २०१९च्या जूनमध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. नियम ८३ए प्रमाणे ती सक्तीची होती, पण कुणाला, ते बघा. ज्यांची विक्रीकर सल्लागार किंवा रिटर्न प्रिपेअरर म्हणून आधीच्या कायद्यात किमान पाच वर्षं नोंदणी होती, त्यांना. पदवीच्या आधारावर जे नवे आले त्यांच्यावर त्या नियमाची सक्ती नव्हती. अनुभव असेल तर परीक्षा द्या, नसेल तर सरळ आत या! मी तो नियम तीनदा वाचला, कारण पहिल्यांदा मला वाटलं माझीच वाचायला चूक होतेय.

परीक्षा होती एका संगणक केंद्रात. शंभर प्रश्न, अडीच तास, दोनशे गुण, शंभरला पास, चुकलं तरी गुण कापत नाहीत. माझ्या शेजारच्या खुर्चीवर सत्तरीला टेकलेले एक गृहस्थ होते. विक्रीकराच्या जमान्यात त्यांनी न्यायाधिकरणापर्यंत लढवलेल्या केसेस मी ज्युनियर असताना ऐकून शिकले होते. आयुष्यभर हाताने मसुदे लिहिलेला माणूस, माऊस दोन्ही हातांनी धरून बसला होता. प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत. त्यांनी हिंदी निवडलं, आणि थोड्या वेळाने हळूच मला विचारलं, "हे प्रतिलोम प्रभार म्हणजे काय गं?" रिव्हर्स चार्ज (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा कर), असं मी ओठांनीच सांगितलं. (हा गैरप्रकार होता हे कबूल. सात वर्षं झाली, कारवाई करायची तर करा.) इनपुट टॅक्स क्रेडिटला तिथे 'इनपुट कर प्रत्यय' म्हणतात. आमच्याकडे प्रत्यय येतो, नाहीतर शब्दाला लागतो. क्रेडिट म्हणून तो कुणी घेत नाही.

मी पास झाले. ते नाही झाले, डिसेंबरमध्ये पुन्हा बसले, पुन्हा काही गुणांनी राहिले. मग त्यांनी ऑफिस मुलाच्या नावावर केलं. मुलगा बी.कॉम. आहे. त्याला परीक्षा लागली नाही.

त्या प्रश्नपत्रिकेत विचारलं होतं ते मी वाईट म्हणत नाही. दर काय, मुदत काय, नमुना कोणता, हे माहीत असायलाच हवं. पण ती दारातली परीक्षा आहे. घर चालवता येतं का, हे त्यातून कळत नाही. आमच्या कामातली अर्धी कसोटी अशी असते की अशील तावातावाने म्हणतो, "लढायचं!" आणि आपण कागद बघून सांगायचं असतं, "लढू नका, व्याजासकट भरून टाका, दंड वाचेल." हे चार पर्यायांतून गोल काळा करून तपासता येत नाही.

जगात हे कुणी केलंय का, तर केलंय. आपल्याला नव्याने काही शोधून काढायला नको. ब्रिटनमध्ये १९३० साली करसल्लागारांची संस्था निघाली, १९९४ मध्ये तिला राजसनद मिळाली, आणि तिची 'चार्टर्ड टॅक्स ॲडव्हायझर' ही पदवी लेखापरीक्षकाच्या पदवीहून वेगळी, फक्त करांची आहे. लेखे आणि कर हे दोन वेगळे अभ्यास असू शकतात, हे तिथे केव्हाच मान्य झालं. नवशिक्यांसाठी खालची पायरी म्हणून १९८९ मध्ये दुसरी संस्था काढली. खालून वर जाता येतं.

पण मला सगळ्यात पटते ती जर्मनीची पद्धत. तिथे 'श्टॉयरबेराटर', म्हणजे करसल्लागार, हा शब्दच कायद्याने राखलेला आहे, परीक्षा दिल्याशिवाय पाटीवर लावता येत नाही. लेखी परीक्षा तीन दिवसांची, रोज साधारण सहा तास, आणि कायद्याची पुस्तकं बरोबर न्यायला परवानगी असते! म्हणजे पाठांतर तपासतच नाहीत. पुस्तक समोर असताना तू उत्तर कसं काढतोस, ते बघतात. नंतर तोंडी. आणि मुख्य म्हणजे विद्यापीठाची पदवी नसलेला, एखाद्या ऑफिसात कारकून म्हणून शिकून वर्षानुवर्षं काम केलेला माणूसही या परीक्षेला बसू शकतो, फक्त त्याला अनुभवाची वर्षं जास्त लागतात. माझ्या ऑफिसात एक बाई आहेत. बारावीनंतर शिक्षण सुटलं, एकोणीस वर्षं माझ्याकडे आहेत. २बी (जीएसटी पोर्टलवर दिसणारा खरेदीच्या क्रेडिटचा तक्ता) आणि खरेदी वहीचा मेळ त्या ज्या वेगाने घालतात तो मला जमत नाही. त्या जर्मनीत असत्या तर आज परीक्षेचा अभ्यास करत असत्या.

जपानची एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. तिथल्या करसल्लागाराला पाच विषय पास व्हावे लागतात, पण एकदम नाही. या वर्षी एक, पुढच्या वर्षी एक. पास झालेला विषय कायमचा जमा. ज्याला दर महिन्याला ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही रिटर्न भरायचीत, त्याला परीक्षा द्यायची तर हीच एक रीत आहे.

ऑस्ट्रेलियाचं थोडक्यात : तिथे २००९च्या कायद्याने करसल्लागारांचं स्वतंत्र मंडळ आहे, तीन वर्षांत १२० तासांचं चालू शिक्षण लागतं, आणि चुकीच्या सल्ल्यामुळे अशिलाचं नुकसान झालं तर भरून द्यायला विमा काढावाच लागतो. भांड्यांच्या व्यापाऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आपल्याकडे सल्लागाराचा विमा? आधी माझ्या दुकानाचा काढून द्या."

इथे माझे सीए मित्र अस्वस्थ होतील, म्हणून त्यांच्याशी दोन शब्द. मंडळांनी तेवढ्यापुरतं बाजूला बसावं.

मित्रहो, मी तुमचं काही मागत नाही. कलम ४४एबी चं टॅक्स ऑडिट १९८४च्या वित्त कायद्याने आलं, ते तुमच्याकडे आहे, आणि नव्या कायद्यातही तुमच्याकडेच राहावं असं माझं मत आहे. माझ्या संघटनेतले काही जण यावर चिडतील, चिडू देत. ऑडिट ही वेगळी विद्या आहे, त्यासाठी तुम्ही आर्टिकलशिपची वर्षं घालवलीत. पण तुम्हीही एक गोष्ट मान्य करा. तालुक्याच्या गावात किराणा, हार्डवेअर, पिठाची गिरणी, ट्रॅक्टरचे सुटे भाग, यांची रिटर्न, नोटिसा, सुनावण्या, हे बहुतेक आम्हीच करतो. त्यातल्या अवघड केसेस तुमच्यापैकी कितीतरी जण आमच्याशी फोनवर बोलून घेतात. मीही घेते. मग नवा अशील दारात उभा राहून "मॅडम, सीए आहात ना?" असं विचारतो तेव्हा मला "नाही" म्हणावं लागतं, आणि त्या 'नाही'नंतर सांगायला माझ्याकडे दुसरा शब्दच नसतो. "करसल्लागार" म्हटलं की तो म्हणतो, "म्हणजे सीएच ना?" एकदा तर एका गृहस्थांनी मी सीए नाही म्हटल्यावर खुर्चीवरून उठता उठता विचारलं, "मग तुम्ही नक्की कोण?" खरंच, कोण? तुमच्याकडे पाच वर्षं झाली की 'असोसिएट'चे 'फेलो' होता येतं. वकिलांकडे १९६१च्या ॲडव्होकेट्स कायद्याचं कलम १६ आहे, ज्येष्ठ वकील आणि इतर वकील असे दोन वर्ग सरळ कायद्यातच. आमच्याकडे सगळे 'इतर'.

मंडळांनी आता परत यावं.

ज्येष्ठ वकिलांचं उदाहरण दिलं खरं, पण ते जसंच्या तसं घेऊ नका. ज्येष्ठता द्यायची कशी, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गुणांची पद्धत आणली आणि २०२५ मध्ये ती मोडीत काढली. मुलाखत, शिफारस, कुणाचा कुणाशी परिचय, यावर मोठेपणा द्यायला गेलं की असंच होतं. शिफारशीवर द्यायची असेल तर ती पदवी नकोच. नुसत्या वर्षांवरही नको. एकच वर्ष अठ्ठावीस वेळा जगलेले सल्लागार मी पाहिले आहेत. ते अजून पोर्टल उघडण्यापूर्वी ऑफिसातल्या पोराला हाक मारतात.

परीक्षा हवी, आणि ती कागदावरची, पुस्तक उघडं ठेवून. मला प्रश्नपत्रिका दिसते ती अशी : एक एएसएमटी-१० नोटीस (रिटर्नमधल्या तफावतीची विचारणा), त्यासोबत वर्षभराचं २बी, खरेदी वही, ताळेबंद, मालाच्या वाहतुकीचे काही कागद (त्यातला एक मुद्दाम चुकीचा), आणि चार तास. उत्तरात दोन गोष्टी लिहायच्या. अधिकाऱ्याला द्यायचं उत्तर, आणि अशिलाला लिहायचं पत्र, ज्यात त्याला सोप्या भाषेत सांगायचं की कुठे आपण बरोबर आहोत आणि कुठे पैसे भरावे लागतील. हे दुसरं पत्र जो नीट लिहील तो वरिष्ठ. पहिलं बरेच जण लिहितील.

दुसरा पेपर आयकराचा, तसाच. नव्या कायद्यात कलमं ८१९ वरून ५३६ वर आली, 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं. आमच्या पिढीचे पाठ झालेले कलम क्रमांक एका रात्रीत कामातून गेले. एवढं पुसून नव्याने लिहिलं जातंय तर सल्लागारांची पायरी नव्याने आखायला यापेक्षा बरी वेळ कोणती? अधिकृत प्रतिनिधीची तरतूद नव्या कायद्यातही आहे. तिच्या नियमांत एक वर्ग वाढवायचा आहे, एवढंच.

तिसरा पेपर आचाराचा. याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण इथे आमचीच बाजू लंगडी आहे.

जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर खोट्या वजावटींविरुद्ध मोहीम उघडली. राजकीय पक्षांना न दिलेल्या देणग्या कलम ८०जीजीसी मध्ये दाखवलेल्या, न भरलेलं घरभाडं, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज. ती रिटर्न पगारदारांनी स्वतः बसून भरली नव्हती. भरणारे आमच्यासारखे होते, काही तर परताव्याच्या टक्केवारीवर काम करणारे. माझ्याकडेही एकजण आला होता. कारखान्यात सुपरवायझर. "मॅडम, आमच्या शिफ्टमधल्या सगळ्यांना परतावा आला, मलाच कसा येत नाही?" मी म्हटलं, तुम्ही देणगी दिलीत का? "तसं नाही, पण टाकतात ना." मी टाकली नाही. तो दुसरीकडे गेला, आणि त्या वर्षी त्याला परतावा मिळालाही. पुढच्या वर्षी नोटीस घेऊन आला तेव्हा माझ्याकडेच आला, पण मधलं एक वर्ष मी त्याच्या शिफ्टमध्ये 'काम न येणाऱ्या मॅडम' होते.

अशा सल्लागारावर कारवाई कोण करतं? कायद्यात सोय आहे. गैरवर्तन केलेल्या प्रतिनिधीला आयकर खातं अपात्र ठरवू शकतं, जीएसटीत नमुना पीसीटी-०३ मध्ये कारणे दाखवा नोटीस देता येते. पण अठ्ठावीस वर्षांत मला स्वतःला पीसीटी-०३ आलेला एकही सहकारी भेटलेला नाही. आणि सज्जनपणाची एवढी लाट आमच्या धंद्यात आलीय असं मला वाटत नाही. ज्याच्याकडे गमवायला काही नाही त्याला नोटिशीची भीती कसली? नोंदणी गेली तर भावाच्या नावावर दुसरी. वरिष्ठ पदवी असेल, ती मिळवायला सहा-सात वर्षं गेली असतील, तिच्यामुळे चार अशील जास्त येत असतील, तर ती जाऊ नये म्हणून माणूस सांभाळून राहील. पदवी द्या ती काढून घेण्याच्या व्यवस्थेसकट द्या. तक्रार कुठे करायची त्याचा पत्ता आमच्या बिलाच्या तळाशी छापायला लावा. आम्ही छापू.

एक मागणी मात्र मी सोडणार नाही, ती भाषेची. देशात सर्वांत जास्त जीएसटी महाराष्ट्रातून जमा होतो. तो भरणारे दुकानदार मराठीत बोलतात, मराठीत भांडतात, आणि नोटीस इंग्रजीत आली की माझ्यासमोर धरून विचारतात, "यात काय म्हटलंय?" माझं खरं काम तिथे सुरू होतं. त्या कामाची परीक्षा मराठीत देता यायला हवी, आणि तमिळ, गुजराती, बंगाली सल्लागारांना त्यांच्या भाषेत. कलमं इंग्रजीत ठेवा, नमुन्यांची नावं तीच ठेवा. रिव्हर्स चार्जला रिव्हर्स चार्जच म्हणा, कृपा करून मराठीत त्याचं नवं बारसं करू नका. फक्त उत्तर मराठीत लिहू द्या.

आणि हे दोन मंडळांनी मिळून करा. अशील एकच असतो, टेबल एकच असतं, वहीसुद्धा एकच असते. आयकरात दाखवलेली उलाढाल आणि जीएसटीत दाखवलेली उलाढाल जुळत नाही म्हणून नोटीस काढताना तुमच्या दोन्ही खात्यांची माहिती व्यवस्थित एकत्र येते. ती ज्या माणसाने जुळवायची त्याची पात्रता मात्र दोन ठिकाणी, दोन नियमांत. चालू शिक्षणाचे तास मोजायला नवं काही उभारायची गरज नाही. मुंबईतली चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स १९२६ पासून आहे, अखिल भारतीय करसल्लागार महासंघ १९७६ पासून. जिल्ह्याजिल्ह्यांत अभ्यासमंडळं भरतात, शनिवारी संध्याकाळी पन्नास माणसं स्वतःच्या खर्चाने येऊन नवा निकाल समजून घेतात. तिथल्या हजेरीवहीतल्या सह्या ग्राह्य धरा म्हणजे झालं.

नाव काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. 'वरिष्ठ करसल्लागार' मला चालेल. पाटीवाला म्हणतो, अक्षरं जास्त आहेत, पैसे वाढतील. त्याला मी तूर्तास 'करसल्लागार' एवढंच लिहायला सांगितलंय, आणि खाली एक ओळ मोकळी सोडायला. त्याने विचारलं, किती दिवस मोकळी ठेवायची? म्हटलं, दिल्लीला पत्र लिहिलंय.

पहिल्या तुकडीत माझा अर्ज धरावा. वयाची सवलत नको, अनुभवाची सूट नको, पेपर सगळे देईन. तारीख ठरवताना मात्र एवढं पाहावं : महिन्याची ११ आणि २० नको, जुलै आणि सप्टेंबर तर अजिबात नको. आणि संगणकावर घ्यायचीच असेल तर सत्तरीच्या पुढच्यांना कागद-पेन मिळावं. ते गृहस्थ अजून आहेत, मी विचारलंय, ते बसायला तयार आहेत.

कळावे,

आपली विश्वासू,
महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली करसल्लागार
(नोंदणी १९९७, परीक्षा उत्तीर्ण २०१९)